कुकरातली चार यंत्रं

काकांनी ती परदेशी गाडी घेतली तेव्हा ती आमच्या रस्त्यांसाठी बनलेली नाही, हे काका सोडून सगळ्या केज गावाला कळलं होतं. मुंबईच्या कुणा बिल्डरने दोन-तीन वर्षं वापरून विकलेली, उंच, काळीकुळकुळीत, आपोआप गिअर बदलणारी गाडी. तिची चाकं एवढी चकचकीत की त्यांत बघून भांग पाडावा. पण त्या चाकांवरचे टायर भाकरीच्या काठासारखे पातळ. पहिल्याच महिन्यात धारूरच्या घाटात एक रिम वाकली, दुसऱ्या महिन्यात दुसरी. तिसरी वाकली तेव्हा काका सभेला निघाले होते आणि त्यांना वडवणीत दुधाच्या टेम्पोतून उतरावं लागलं. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, चाकंच बदलायची. साधी रिम आणि जाड टायर.

त्या वर्षांत बाहेरच्या गाड्या, बाहेरचे फोन, बाहेरची बिस्किटं असं सगळं एकदम आमच्यापर्यंत पोचत होतं. त्याबरोबरची माहिती तेवढी मागून, सावकाश, एस.टी.ने यायची.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. वडिलांची नोकरी औरंगाबादला, शाळा पहिलीपासून इंग्रजी माध्यमाची, आणि उन्हाळ्याची सुट्टी दरवर्षी केजला काका-काकूंकडे. घरी पाहुणा आला की मला बाहेर बोलावलं जाई. "इंग्रजीत बोल की काहीतरी," असं काका म्हणत, आणि माझ्या तोंडून इंग्रजी तर नाहीच, मराठीही येत नसे. अशा तऱ्हेने मी दोन भाषांत गप्प राहायला शिकले होते. बघायची मात्र सगळं.

त्या सुट्टीत घरात निवडणुकीचा हंगाम होता. बाजार समितीसाठी काकांनी आपलं पॅनेल उभं केलं होतं आणि समोरच्या पॅनेलचे पुढारी होते त्यांचे सख्खे साडू, काकूच्या धाकट्या बहिणीचे यजमान. दोघांची लग्नं एकाच मांडवात लागली होती. आता दोघं एकमेकांच्या सभेला माणसं पाठवून खुर्च्या मोजून घेत होते.

चाकं बदलायच्या दिवशी काकूला आणि मला एका डोहाळजेवणाला जायचं होतं. "अर्ध्या तासाचं काम हाय, आधी चाकं बसवू, मग तुमाला सोडतो," असं म्हणून काकांनी आम्हाला नटलेल्या तशाच गाडीत बसवलं आणि टायरच्या दुकानात नेलं. दुकानाचे मालक अण्णा केरळातून पंचवीस वर्षांपूर्वी आलेले. आता त्यांचं 'लई' आणि 'का'च्या जागी 'कावून' ऐकून ते बाहेरचे आहेत हे कुणाला कळलंही नसतं. त्यांनी लिंबाच्या सावलीत आम्हाला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. अर्ध्या तासाचे दोन तास होणार हे मला दिसत होतं, म्हणून मी गाडीच्या खणातलं जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून वाचत बसले. छापलेलं काहीही मला चालायचं. चाकांचं काम चाललं होतं म्हणून चाकांचाच भाग उघडला.

त्यात लिहिलं होतं की प्रत्येक चाकात, हवा भरायच्या नळीच्या आतल्या टोकाला एक लहानसा सेन्सर असतो. टायरमधली हवा कमी झाली की तो गाडीला कळवतो आणि समोर पिवळा दिवा लागतो. नवी चाकं लावताना जुन्यातले सेन्सर काढून नव्यात बसवावेत. नाही बसवले तर तो दिवा मिनिटभर लुकलुकून मग लागलेला राहतो.

मी हे वाचत होते आणि समोर अण्णा नेमकं तेच उलटं करत होते. नव्या रिमवर नवे टायर चढवून, साध्या नळ्या लावून त्यांनी चारही चाकं गाडीला बसवून टाकली होती. मी बोलायला हवं होतं. पण काकांच्या दोन्ही बाजूंना पॅनेलचे दोघं उभे होते. एक सोसायटीचे चेअरमन, ज्यांना सगळीकडे डाव दिसायचा, आणि एक निवृत्त मास्तर, ज्यांना सगळ्यातलं सगळं कळायचं. तीन पुरुषांच्या मध्ये जाऊन 'अहो, थांबा' म्हणायचं? मी पान उलटलं.

गोष्ट तिथेच संपली असती. पण काकांना जुने टायर हवे होते. वाऱ्याने गोठ्याचे पत्रे उडतात म्हणून त्यांवर टाकायला. "रिम राहू दे, टायर तेवढे सोडव," असं ते अण्णांना म्हणाले. अण्णांनी पहिला टायर पहारीने उचकटला, आत हात घातला आणि तो तसाच ठेवला.

"शेठ," ते हळूच म्हणाले, "ह्याच्यात काय तरी हाय."

अंगठ्याएवढी काळी डबी. त्यावर बारीक अक्षरं आणि आकडे. दुसऱ्या चाकात दुसरी, तिसऱ्यात तिसरी. चौथी निघाली तेव्हा सगळे वाकून बघत होते.

"मशीन हाय," चेअरमन म्हणाले.

"कसलं मशीन?"

चेअरमननी बोट ओठांवर ठेवलं, मग तेच बोट कानाला लावलं.

"ऐकायचं?" काकांचा चेहरा बदलला. "चाकात?"

"वर ठेवलं असतं तर दिसलं असतं की. खाली ठेवलंय," मास्तर म्हणाले. "आवाज लोखंडातून उतरतो. विज्ञान आहे ते."

"मंगळवारचं आठवा," चेअरमन म्हणाले.

मंगळवारचं सगळ्यांनाच आठवत होतं. काकांनी गाडीत बसून ठरवलं होतं की धारूरकडच्या एका गावात गुपचूप जाऊन तिथली मतं बांधायची. ते पोचले तेव्हा साडू आधीच तिथल्या ओसरीवर आमरस खाऊन ढेकर देत बसले होते. "या दाजी," म्हणाले होते, "तुमची वाटच बघायलो होतो."

काकांनी गाडीची किल्ली फिरवली. समोर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालासारखं चित्र आणि त्यात उद्गारचिन्ह. तो लुकलुकू लागला.

"बघा!" चेअरमन ओरडले आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. "मशीन काढलं की दिवा लागला. तिकडं कळलं त्यांना."

आता चौघांनीही गाडीशेजारी उभ्या असलेल्या आमच्या ड्रायव्हरकडे पाहिलं.

त्यांना आम्ही घरातली सगळी मुलं मामा म्हणायचो. अठरा वर्षं ते काकांकडे होते. दर सुट्टीला औरंगाबादहून मला आणायला तेच येत. चार-पाच तासांच्या प्रवासात आम्ही दोघं मिळून दहा वाक्यं बोलत असू, पण रसवंतीपाशी गाडी थांबे आणि माझ्या रसात बर्फ नसे, हे मी कधी सांगितलेलं नव्हतं. महिन्यापूर्वी गाडी पुण्याला सर्व्हिसिंगला त्यांनीच एकट्याने नेली होती. दोन दिवस. शिवाय त्यांची सासुरवाडी साडूंच्या गावची.

"मालक, मला न्हाई माहीत ते काय हाय," मामा म्हणाले.

काकांनी हात पुढे केला. मामांनी मुकाट्याने स्वतःजवळची दुसरी किल्ली त्यावर ठेवली.

"घरी चला. आधी शांतपणे बोलू. मग ह्यांचा हिशेब मिटवून टाकू," काका म्हणाले. अठरा वर्षं जवळ असलेला माणूस काढायचा म्हणजे त्यांनाही सोपं नव्हतं. पण घरी चला म्हणाले खरे, आणि गाडी कोण चालवणार? आपोआप गिअर बदलणारी गाडी काकांना येत नव्हती. गाडीत नसलेला क्लच त्यांचा डावा पाय शोधायचा आणि ब्रेकवर पडायचा. शेवटी मामांनीच सगळ्यांना घरी आणलं. आरोपी गाडी चालवतोय, चार यंत्रं काकांच्या टॉवेलात गुंडाळलेली, आणि घरापर्यंत सगळे हवापाण्यावर बोलतायत.

"ऊन लई हाय, न्हाई का मास्तर?" काका टॉवेलाकडे बघत मोठ्याने म्हणाले.

"लईच हाय शेठ," मास्तर टॉवेलाला म्हणाले.

डोहाळजेवण राहिलं.

घरी पहिला प्रश्न आला की यंत्रं ठेवायची कुठे. माडीवर ठेवली तर जिन्यातून ऐकतील, गोठ्यात ठेवली तर गड्यांचं बोलणं ऐकतील. चेअरमन म्हणाले, "हवाबंद पाहिजे." काकूने पाच लिटरचा कुकर काढला. काकांनी एकेक यंत्र आत ठेवलं. काकूने झाकण फिरवून लावलं.

"शिट्टी?" चेअरमन म्हणाले. "भोकातून आवाज जाईल."

काकूने शिट्टी बसवली. तेवढं झाल्यावर तिघं बैठकीत जाऊन बसले आणि रोखलेला श्वास सोडावा तसे एकदम बोलू लागले. चेअरमननी येताना एका यंत्रावरचे आकडे तळहातावर लिहून आणले होते. ते त्यांना सिम कार्डाचे वाटत होते. मधली अक्षरं गाळून त्यांनी मोबाईलवर नंबर फिरवला आणि फोन सगळ्यांना ऐकू यावा म्हणून मध्ये धरला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई गोड आवाजात म्हणाली.

"बंद करून बसलेत," चेअरमन म्हणाले. "सावध झाले."

मामा बाहेर ओट्यावर बसले होते. पायातली चप्पल काढून शेजारी नीट जोडून ठेवली होती, जशी परक्या घरी ठेवतात.

स्वयंपाकघरात काकू आणि मी कुकरकडे बघत उभ्या होतो. मला अजून एक गोष्ट माहीत होती. काकू रोज दुपारी जेवणं आटोपली की मागच्या दाराशी बसून बहिणीला फोन करायची. तिच्या मनात काही नसायचं. "आज ह्यांना धारूरकडं जायचंय, रात्री जेवायला न्हाईत, मग मी नुसती खिचडी टाकते," एवढंच. मंगळवारी मी शेजारी बसून शेंगा सोलत होते आणि ते वाक्य ऐकलं होतं. धारूरकडची बातमी साडूंकडे खिचडीतून गेली होती.

"ते ऐकायचं यंत्र नाहीये, काकू," मी म्हणाले. "हवा मोजायचं आहे. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय."

"मग सांग की त्यांना!"

"पण मग ते विचारतील, बातमी गेली कशी."

काकूचा हात कुकरच्या दांड्यावर होता. तो तिथेच थांबला. तिने मागच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला कळलं की तिला आत्ता, या क्षणी कळलं होतं. तिचे कान लाल झाले.

"अगं बाई," ती अगदी हळू म्हणाली. मग पदर खोचला. "विचारू दे. मामाला कावून घरी बसवायचं? जा. बोल."

"मी?"

"मला इंग्रजी येतं का?"

तिने मला खरोखर ढकललं. मी पुस्तक छातीशी धरून बैठकीच्या दारात जाऊन उभी राहिले. तिघांनी वर पाहिलं. माझ्या कानांत शिट्ट्या होत होत्या.

"काका, त्याला सेन्सर म्हणतात," मी म्हणाले. आवाज कुठल्यातरी लहान मुलीचा निघाला. "गाडी बनवतानाच बसवतात. चाकातली हवा मोजायला."

"ह्यात लिहिलंय?" मास्तरांनी पुस्तकाकडे संशयाने पाहिलं. "वाच. मराठीत वाच."

मी ओळीवर बोट ठेवून एकेक वाक्य मराठीत करत वाचू लागले आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की पुढच्या वाक्यात काय आहे. पण मी खोटं वाचू शकले नाही.

"...आणि तो रेडिओ लहरींनी संदेश पाठवतो."

"पाठवतो!" चेअरमन उडी मारून उठले. "म्हनलं न्हवतं?"

"गाडीला पाठवतो," मी म्हणाले.

"गाडीला कावून? गाडी काय करणार?"

"दिवा लावणार!" मी ओरडले. मी त्या घरात ओरडले होते. आता मागे जायला जागाच नव्हती, म्हणून मी पुढे गेले. "हे चार परत चाकांत बसवा. गाडी थोडी पळवा. दिवा गेला तर मी खरी. मग एका चाकातली हवा सोडा. दिवा परत लागला, लुकलुकला नाही, नुसता लागला, तर पुस्तक खरं. आणि मग मामांना किल्ली द्या."

शेवटचं वाक्य मी ठरवलं नव्हतं. ओट्यावर मामांनी मान वळवलेली मला दिसली.

"पोरगी बोलली की," काका म्हणाले. रागाने म्हणाले की कौतुकाने, ते त्यांनाही ठरवता येत नसावं. "आणा रे तो कुकर."

कुकर तसाच, झाकणासकट, शिट्टीसकट, माझ्या मांडीवर ठेवून आम्ही पुन्हा अण्णांच्या दुकानात गेलो. अण्णांनी कुकर बघितला, आम्हाला बघितलं आणि केरळी भाषेत काहीतरी म्हणाले. पंचवीस वर्षांत त्यांनी केजमध्ये बोललेलं ते पहिलं मल्याळम असावं. चारही नवे टायर पुन्हा सोडवून, साध्या नळ्या काढून, एकेक सेन्सर बसवून, हवा भरून होईपर्यंत दीड तास गेला. बघायला निम्मा बाजार जमला. मी पुस्तक उघडं धरून उभी होते आणि अण्णा दर चाकाला मला विचारत होते, "ताई, नट किती आवळू?" मला ताई म्हणणारे ते पहिलेच.

मग मी पुढच्या सीटवर, मामांच्या शेजारी. मागे काका, चेअरमन, मास्तर. गाडी धारूर रस्त्याला लागली. दिवा लुकलुकला, मग थांबून लागून राहिला.

"हाय की अजून," चेअरमन मागून म्हणाले.

"जोरात चालवायला सांगितलंय," मी म्हणाले. "काही मिनिटं. मामा, जोरात."

मामांनी जोर केला. जाड टायर खड्ड्यांवरून असे गेले की मागच्या तिघांची डोकी एकदम छताला लागली. पाच माणसं एका पिवळ्या उद्गारचिन्हाकडे बघत होती. एक गाव गेलं. बोरींची बांधावरची रांग गेली. मी पुस्तकातली ओळ पुन्हा वाचली, कारण मला वाटायला लागलं की माझं इंग्रजी चुकलं असेल. मामांचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

आणि दिवा गेला. आवाज न करता, सहज.

"गेला!" मी म्हणाले.

"गेला बे!" चेअरमन मास्तरांच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, आणि मास्तर म्हणाले, "विज्ञान आहे ते."

"थांबा, थांबा. हवा सोडून बघायची," काका म्हणाले. मामांनी गाडी बाजूला घेतली. मास्तर स्वतः उतरले आणि मागच्या डाव्या चाकाच्या नळीत काडी खुपसून उकिडवे बसले. सूंऽऽ असा आवाज येत राहिला. "आणखी? आणखी?" ते विचारत होते. आम्ही सगळे पुढे झुकून दिव्याकडे बघत होतो. एका क्षणी तो लागला. लुकलुकला नाही. स्थिर, पिवळा, शहाणा.

मी हसायला लागले. मला थांबता येईना. चेअरमन हसायला लागले, काका हसायला लागले, खाली मास्तर काडी धरून "लागला का? लागला का?" विचारत होते आणि कुणी त्यांना सांगायलाच तयार नव्हतं. काकांनी पाठीमागून हात पुढे करून मामांच्या खिशात किल्ली घातली. वरून खिशावर दोनदा थापटलं.

हसणं ओसरल्यावर मला माहीत होतं तो प्रश्न आलाच.

"पण मग," काका म्हणाले, "आमच्या साडूला कळलं कसं?"

काका माझ्याकडे बघत होते. "पुस्तकात ते पण हाय का गं?"

मी पुस्तक मिटलं. "ते नाहीये, काका."

तेवढ्यात मामा बोलले. समोर रस्त्याकडे बघत, अगदी सावकाश.

"मालक, राग नका येऊ देऊ. तुमी मोबाईलवर इतकं जोरात बोलता, की चौकातली म्हातारी माणसं बी हो ला हो देतात. मंगळवारी तुमी पानाच्या टपरीवर उभं राहून बोललात. पानवाल्यानं मला इचारलं, धारूरकडं चाललाव म्हणं, कात संपलाय, तिकडून आणताव का?"

मग चेअरमन असे हसले की त्यांच्या तोंडातली सुपारी काचेवर गेली.

"खरंय शेठ! तुमाला फोन कशाला लागतो? नुसतं गच्चीवर जात जा!"

काका लाल झाले, मग जांभळे झाले, आणि मग सगळ्यांत मोठ्याने तेच हसले, ज्या आवाजात ते फोनवर बोलत त्याच आवाजात, आणि बांधावरची एक शेळी दचकून पळाली. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काकू मागच्या दाराशी बसून फोन करते आणि गाडी मागच्याच अंगणात धुतली जाते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. खिचडीचं ते वाक्य मामांनीही ऐकलं असणार.

घरी काकू दारातच उभी होती. "विचारलं?" तिने नुसत्या डोळ्यांनी विचारलं. मी तिला आत नेलं आणि सगळं सांगितलं, आवाज काढून, हातवारे करून, मास्तरांची काडी, चेअरमनची सुपारी. मामांचं वाक्य दोनदा सांगितलं. तिने तोंडात पदर कोंबला आणि पिठाच्या डब्यावर बसली.

बाहेर मामा गाडी लावत होते. "मालक, उद्या किती वाजता निघायचं?" त्यांनी अंगणातून विचारलं.

काका ओट्यावरून उतरले. रस्त्याकडे पाहिलं, शेजारच्या गच्चीकडे पाहिलं, मामांच्या अगदी जवळ गेले आणि तोंडावर हात आडवा धरून त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटले.

"सहाला?" मामा खणखणीत आवाजात म्हणाले. "बरं बरं! वडवणीला!"